एक खोली, चार माणसं आणि एक ट्यूबलाईट

दोस्तांनो, यंदा दहावीला असलेल्या एका मैत्रिणीचं पत्र आपल्या सदराकडे आलंय. वरवर पाहिलं तर ते अभ्यासाबद्दल आहे, पण खरं म्हणजे ते भांडणाबद्दल आहे. घर दहा बाय बाराच्या एका खोलीचं, शेजारी एवढंसं स्वयंपाकघर. खोलीत भिंतीवर उंच एक ट्यूबलाईट. रात्री साडेनऊला आजी आडवी होते आणि म्हणते, "अगं, मालव बाई तो दिवा, डोळ्यांत खुपतोय." दिवा मालवला की हिचा अभ्यास बंद, आणि आईचं शिवणकामही बंद. नाही मालवला तर आजी रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर. धाकट्या भावाला अंधाराची भीती वाटते, त्यामुळे त्याचं तिसरंच! ती विचारते, यात चुकतंय कुणाचं?

कुणाचंच नाही. चार माणसांची चार कामं एकाच दिव्यावर टाकली आहेत, आणि ती त्याला जमणारी नाहीत. आपल्या बहुतेकांच्या घरी असंच असतं. खोली बांधताना विजेचा मिस्त्री भिंतीच्या मधोमध, हाताला लागणार नाही इतक्या उंचावर एक पॉईंट काढतो, तिथे पट्टी बसते, आणि पुढची वीस वर्षं सगळं घर त्या पट्टीच्या सोयीनं बसतं, जेवतं, झोपतं.

आज आपण या दिव्याचीच तपासणी करू. आईबाबांनो, आज तुम्हीही वाचा, कारण शेवटी खिशात हात तुम्हालाच घालायचाय. घाबरू नका, फार खोलवर नाही!

आधी दोन शब्दांची ओळख करून घेऊ. बल्बच्या खोक्यावर 'ल्युमेन' असं लिहिलेलं असतं. दिव्यातून एकूण किती प्रकाश बाहेर पडतो, त्याचं ते माप. दुसरा शब्द 'लक्स'. एखाद्या जागेवर, म्हणजे तुमच्या वहीवर, किती प्रकाश पोचला त्याचं हे माप. नळातून किती पाणी आलं ते ल्युमेन आणि त्यातलं तुमच्या बादलीत किती पडलं ते लक्स, असं समजा. नळ कितीही मोठा सोडला आणि बादली दुसऱ्याच कोपऱ्यात असली तर काय उपयोग?

आता गंमत बघा. भर दुपारी उन्हात साधारण 1,00,000 लक्स प्रकाश असतो. श्रावणातल्या ढगाळ दिवशी बाहेर काही हजार लक्स. आपल्या खोलीत रात्री ट्यूबलाईटखाली शंभर लक्सच्या आसपास. आणि पौर्णिमेच्या चांदण्यात? जेमतेम पाव लक्स! तरी चांदण्यात आपण गच्चीवर अंताक्षरी खेळतो, चेहरे ओळखतो, कुणी ताटातली कोजागिरीची बर्फी पळवली तेही दिसतं. म्हणजे उजेड कमी आहे म्हणून डोळ्यांना त्रास होतो असं सरसकट म्हणता येत नाही. डोळ्यांना खरा जाच होतो तो झगझगीत आणि काळोखं एकाच वेळी समोर आलं की. डोळ्याची बाहुली लहान होऊन 2 मिलिमीटरवर येते आणि मोठी होऊन 7-8 मिलिमीटरपर्यंत जाते. पण एका क्षणी ती एकच काहीतरी होऊ शकते. डोळ्यांसमोर उघडा बल्ब असेल तर ती त्या बल्बाच्या हिशेबानं आकसते, आणि बल्बाखालची वही मात्र अंधुक वाटायला लागते.

आता आजीकडे वळू. वय वाढलं की बाहुली पूर्वीइतकी उघडत नाही आणि डोळ्याचं भिंग पिवळसर होत जातं. विशीतल्या माणसाच्या डोळ्यात पडद्यापर्यंत जितका प्रकाश पोचतो, त्याच्या साधारण एक तृतीयांशच साठीच्या माणसाच्या डोळ्यात पोचतो. म्हणजे आजीला तांदूळ निवडायला तुमच्यापेक्षा जास्त उजेड हवा. मग तीच आजी रात्री "दिवा खुपतोय" असं का म्हणते? नाटक करते का? अजिबात नाही. तिच्या डोळ्यातलं भिंग आता आरशासारखं स्वच्छ राहिलेलं नाही. मोतीबिंदूची सुरुवात असेल तर आणखीच. रात्रीच्या एसटीत पुढे बसून कधी प्रवास केलाय? समोरची काच धुळीनं माखलेली असली आणि समोरून ट्रक आला, की त्याचे दिवे अख्ख्या काचेवर फाकतात आणि रस्ता दिसेनासा होतो. आजीच्या डोळ्यात तेच होतं. तिला हातातल्या ताटावर जास्त प्रकाश हवा असतो आणि डोळ्यात थेट येणारा कमी.

शिवाय एक गोष्ट तुमच्या लक्षात आलेली नसेल. तुम्ही खोलीत बसलेले असता, तेव्हा ट्यूबलाईट तुमच्या डोक्याच्या वर, नजरेच्या बाहेर असते. आजी आडवी झाली की तिची नजर सरळ त्या दिव्याकडेच! म्हणून या आठवड्याचा पहिला प्रयोग असा: आज रात्री दिवा चालू असताना आजीच्या जागी पाच मिनिटं उताणे पडून राहा. मग धाकट्या भावाच्या जागी. आई शिवायला बसते त्या जागी बसा आणि सुईत दोरा ओवून बघा. वहीत लिहून ठेवा, कुठून काय दिसलं. या एका प्रयोगानं निम्मं भांडण मिटतं की नाही बघा!

पुढचा हिशेब दहावीच्या मैत्रिणीसाठी. एका छोट्या दिव्यापासून प्रकाश चहूकडे पसरत जातो, तसा तो पातळ होतो. अंतर दुप्पट केलं की त्याच जागेवर पडणारा प्रकाश एक चतुर्थांश होतो. अंतर चौपट केलं की सोळावा हिस्सा. हा नियम उलटा वाचला तर भारी उपयोगाचा आहे. दोन मीटर उंचीवरचा बल्ब खाली आणून वहीपासून अर्ध्या मीटरवर धरला, तर प्रकाश सोळापट होतो! म्हणजे पाच वॅटचा बारका एलईडी वहीजवळ जे काम करील, त्यासाठी छताजवळ ऐंशी वॅटचा लावावा लागेल. (लांबलचक ट्यूबलाईटला हा नियम जवळून तंतोतंत लागू पडत नाही, पण आपल्या कामापुरता दिव्याचा हिशेब असाच करा.) पाच वॅटच्या एलईडीतून साधारण साडेचारशे ल्युमेन मिळतात. त्यावर आतून पांढरं असलेलं झाकण घातलं, म्हणजे वर जाणारा प्रकाशही खाली वळतो. अर्ध्या मीटरवर वहीला मिळतात तीनशे लक्सच्या आसपास. वाचायला, लिहायला एवढा उजेड उत्तम. आणि झाकणाच्या मागे असलेल्या आजीला? जवळपास काहीच नाही.

म्हणजे लागतं काय? एक टेबललॅम्प किंवा चिमट्यानं फळीला अडकवायचा दिवा. झाकण असं हवं की तुम्ही लिहायला बसलात की बल्ब स्वतः डोळ्यांना दिसता कामा नये. झाकणाची पाठ आजीच्या अंथरुणाकडे. उजव्या हातानं लिहिणाऱ्यांनी दिवा डाव्या बाजूला ठेवायचा, नाहीतर स्वतःच्याच हाताची सावली अक्षरांवर पडते. डावखुऱ्यांनी अर्थातच उलटं. आणि त्याच दिव्याखाली दुसऱ्या बाजूनं आईची सुई! दोघींना मिळून एक दिवा पुरतो.

पण मिट्ट काळोखात फक्त तेवढाच एक दिवा लावून बसू नका. वहीवरून मान वर केली की अंधार, खाली केली की लख्ख पांढरा कागद. बिचारी बाहुली किती वेळा लहानमोठी होणार? खोलीत कुठेतरी मंद उजेड हवाच. टीव्हीचंही तसंच. सगळे दिवे घालवून थिएटरसारखा टीव्ही बघायची हौस अनेकांना असते. टीव्हीच्या मागे भिंतीवर पडेल असा एक बारका दिवा लावून बघा, डोळे किती सुखावतात ते.

हा मंद उजेड आणायचा कुठून? भिंतीकडून! दुसरा प्रयोग: रात्री खोलीत पूर्ण अंधार करा. टॉर्च पेटवून पांढऱ्या भिंतीवर किंवा पांढऱ्या चादरीवर मारा, आणि त्या वेळी बहिणीचा नाहीतर भावाचा चेहरा बघा. टॉर्च त्याच्याकडे नाही, तरी चेहरा दिसतो, आणि किती छान दिसतो! डोळ्यांखाली काळ्या सावल्या नाहीत, नाकाची सावली ओठांवर नाही. आता तोच टॉर्च काळ्या शालीवर मारा. चेहरा गायब. मग लाल साडीवर मारा, चेहरा लालसर. चांगली पांढरी भिंत आपल्यावर पडलेल्या प्रकाशापैकी ऐंशी टक्क्यांच्या आसपास परत पाठवते, आणि तीही चोहीकडे विखरून. म्हणजे भिंत हाच एक मोठाच्या मोठा, न दिपवणारा दिवा झाला. म्हणून बारका बल्ब कपाटाच्या वर, छताकडे तोंड करून ठेवला तर सगळ्या खोलीत उजेड सांडतो, पण डोळ्यांत कुठूनच खुपत नाही. ज्यांनी हौसेनं चारी भिंतींना गडद निळा रंग मारून घेतलाय, त्यांनी मात्र विजेचं बिल आलं की आमची आठवण काढावी.

जुन्या घरातल्या माणसांना हे ठाऊक होतं. भिंतीतला कोनाडा आतून चुन्यानं पांढरा केलेला असायचा आणि त्यात दिवा. कंदील जमिनीवर किंवा हातभर उंचीच्या खुंटीला, म्हणजे जिथं माणसं बसायची तिथंच. उजेड थोडा, पण कामाच्या जागी. त्या उजेडाचे गोडवे गाणारे पुष्कळ भेटतात. आम्ही त्यातले नाही. रॉकेलच्या चिमणीपुढे खोकत अभ्यास केलेल्या माणसाला विचारा, तो ट्यूबलाईटला दंडवत घालील. मात्र त्या उजेडाची जागा बरोबर होती, एवढं खरं.

नेमकं हेच एका माणसानं फार दूरच्या देशात ओळखलं. डेन्मार्क हा युरोपातला चिमुकला देश. तिथल्या कोपनहेगन शहरात डिसेंबरात दिवस जेमतेम सात तासांचा असतो. दुपारी साडेतीन-पावणेचारला सूर्य मावळतो! मग पुढचं सगळं आयुष्य दिव्याखाली. तिथं पॉल हेनिंगसेन नावाचा गृहस्थ होता, जन्म 1894 चा. त्याचं लहानपण रॉकेलच्या दिव्यांच्या मऊ उजेडात गेलेलं. पुढे घराघरांत विजेचे उघडे बल्ब आले आणि ते त्याला भयंकर खटकले. दिवे प्रखर झाले, पण त्यांच्याखाली बसलेली माणसं केविलवाणी दिसू लागली, अशी त्याची तक्रार. नुसती तक्रार करून तो थांबला नाही. 1925-26 च्या सुमारास त्यानं एक दिवा बनवला. एकाखाली एक तीन छत्र्या, वरची मोठी, खालची लहान. त्यांचा बाक गणितानं असा काढलेला, की बल्ब कुठूनही पाहिला तरी थेट दिसत नाही, आणि प्रकाश मात्र छत्र्यांवर आपटून टेबलावर, भिंतीवर, माणसांच्या तोंडावर हलका हलका पसरतो. त्याचे दिवे आजही तयार होतात. ते चांगलेच महाग आहेत, तेव्हा आपण फक्त त्यातली युक्ती घेऊ: बल्ब लपवा, उजेड दाखवा.

आता रंगाकडे. दुकानदार विचारतो, "पांढरा देऊ की पिवळा?" आणि आपण म्हणतो, "पांढरा द्या, उजेड जास्त पडतो." हे फारसं खरं नाही. नऊ वॅटचा पिवळसर एलईडी आणि नऊ वॅटचा पांढरा, दोघांच्या ल्युमेनमध्ये थोडाच फरक असतो. खोकी शेजारी ठेवून वाचा. फरक रंगाचा आहे, आणि तो केल्विनमध्ये छापलेला असतो. लोहाराच्या भट्टीत लोखंड तापताना पाहिलंय? आधी लाल, मग नारिंगी, मग पिवळं. आणखी तापवता आलं तर पांढरं आणि निळसर. जितकं तापमान जास्त तितका निळेपणा जास्त. जुन्या तारेच्या बल्बातली तार साधारण 2,700 केल्विनला तापायची, म्हणून तिचा उजेड पिवळसर. सूर्याचा पृष्ठभाग 5,800 केल्विनच्या घरात. आपल्याकडची पांढरी ट्यूब बहुधा 6,500 केल्विनची. म्हणजे जो रंग कमी तापमानाचा त्याला आपण 'उबदार' म्हणतो आणि जास्त तापमानाच्या रंगाला 'थंड'! भौतिकशास्त्राच्या मास्तरांना हे ऐकून काय वाटत असेल कोण जाणे.

या रंगाचा झोपेशी संबंध आहे, आणि तो कसा आहे हे कळायला 2002 साल उजाडावं लागलं. डोळ्याच्या पडद्यावर बघण्याच्या पेशी असतात हे तुम्ही शाळेत शिकता, दंडपेशी आणि शंकूपेशी. त्यांच्याखेरीज आणखी थोड्या पेशी स्वतः प्रकाश टिपतात, असं 2002 मध्ये सिद्ध झालं. त्यांचं मुख्य काम चित्र बघण्याचं नाहीच. त्या मेंदूला सांगतात, अजून दिवस आहे की रात्र झाली. आणि निळ्या उजेडाला त्या सगळ्यांत जास्त दाद देतात. रात्री दहा वाजता डोक्यावर लख्ख निळसर-पांढरा दिवा असला, की या पेशी मेंदूला कळवतात, "अजून दुपारच आहे!" मग झोप आणणारं मेलाटोनिन कमी स्रवतं आणि तुम्ही म्हणता, अंथरुणावर पडलं तरी झोपच येत नाही. संध्याकाळचा सूर्य बघा, खाली उतरलेला, पिवळा, मंद. रात्रीचे घरातले दिवेही तसेच ठेवले, खाली, पिवळसर आणि मंद, तर शरीराला सोपं जातं. पहाटे उठून अभ्यास करणाऱ्यांनी मात्र खुशाल पांढरा दिवा लावावा, तिथं तो मदतच करतो.

पालकांसाठी इथेच एक गोष्ट. "कमी उजेडात वाचू नकोस, चष्मा लागेल," हे वाक्य प्रत्येक घरात उच्चारलं जातं. मंद उजेडात वाचल्यानं डोळे शिणतात, डोकं दुखतं, हे खरं. पण त्यानं डोळे कायमचे बिघडतात असं नाही. लांबचं न दिसण्याचा संबंध संशोधकांना जास्त दिसतो तो मुलं दिवसाउजेडी घराबाहेर किती कमी राहतात त्याच्याशी. तेव्हा दिवा नीट करा, आणि संध्याकाळी त्यांना मैदानावरही सोडा!

राहिला धाकटा भाऊ आणि त्याची अंधाराची भीती. घरोघरी 'झिरोचा बल्ब' असायचा, अजूनही पुष्कळांकडे आहे. झिरो म्हणजे वीज शून्य, असा समज. ते साफ चूक. तो 12 ते 15 वॅट वीज खातो! रोज आठ तास 15 वॅटचा जाळला तर वर्षाला जवळजवळ 44 युनिट. त्याऐवजी अर्ध्या वॅटचा एलईडी लावला तर दीड युनिटही होत नाही. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्याची जागा. हा दिवा भिंतीवर उंच नको. जमिनीजवळच्या प्लगमध्ये, गुडघ्याच्याही खाली, आणि रंग पिवळा किंवा लालसर. तांबड्या उजेडानं अंधाराला सरावलेले डोळे फारसे बिघडत नाहीत. रात्री दोनला आजी उठते तेव्हा तिला छत बघायचं नसतं. उंबरठा कुठं आहे, नातवाचा पाय कुठं आहे, मोरीपाशी पाणी सांडलंय का, हे बघायचं असतं. आणि तिनं मोठा दिवा लावला तर सगळं घर जागं होतं, म्हणून ती बहुतेक वेळा काहीच लावत नाही, अंधारात चाचपडत जाते. म्हातारपणी मांडीचं हाड मोडलं की माणूस महिनोन् महिने अंथरुणाला खिळतो. एक अर्धा वॅटचा दिवा, मोरीच्या वाटेवर. या लेखातली दुसरी कुठलीच गोष्ट केली नाहीत तरी चालेल, पण ही आजच करा.

काही ताकिदी. दिवा बदलायचा तो मोठ्या माणसानं, आणि मेनस्विच बंद करून. उजेड मंद करायला बल्बवर रुमाल, कागद, प्लॅस्टिक काही टाकायचं नाही. तारेचा बल्ब एवढा तापतो की कापड पेटतं. एलईडीचंही बूड गरम होतं आणि कोंडलं तर तो लवकर मरतो. एका प्लगला चार पिना आणि त्याला आणखी एक एक्स्टेंशन, असली माळ नको. आणि सीएफएल फुटला तर हातानं गोळा करायचा नाही, त्यात थोडा पारा असतो; खिडक्या उघडून मोठ्या माणसाला बोलवा.

आता पुढच्या आठवड्यापर्यंतचं कोडं. घरात लांब ट्यूबलाईट असेल तर तिच्याखाली टेबलावर पांढरा कागद ठेवा. बाकीचे दिवे बंद. कागदापासून वीतभर उंचीवर एक पेन्सिल आडवी धरा, ट्यूबलाईटला समांतर. सावली बघा. मग पेन्सिल तशीच ठेवून गर्रकन काटकोनात फिरवा, म्हणजे ट्यूबलाईटला आडवी. पुन्हा सावली बघा. पेन्सिल तीच, दिवा तोच, उंची तीच, मग सावलीला झालं काय? दोन्ही सावल्यांची चित्रं काढा, कारण लिहा आणि पोस्टकार्डावर पाठवून द्या. हा प्रयोग साध्या गोल बल्बखालीही करून बघितलात, तर उत्तर लवकर सापडेल.